सर्व्हर कारखान्यात की क्लाउडवर? माझं एसीच्या रिमोटवर ठरलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) अकाउंट्स, स्टोअर आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. आधी काही वर्षं सर्व्हर कारखान्यातच होता, आता क्लाउडवर आहे, म्हणजे मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला, मुंबई रीजनला (त्यांच्या मुंबईतल्या केंद्रात).

पैशाचं आधी उरकतो. वर्षभर एकसारखा लोड असेल तर चार-पाच वर्षांच्या हिशेबात स्वतःचा सर्व्हर स्वस्त पडतो, निदान आम्हाला पडला असता. क्लाउडचे दर डॉलरला बांधलेले. टेस्टिंगचं मशीन बंद ठेवलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच, डेटा बाहेर काढायचे पैसे निराळे. पहिली बिलं बघून मालकांनी मला दोनदा केबिनमध्ये बोलावलं. ३७सिग्नल्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं ते उगाच नव्हे. पण त्यांच्याकडे सर्व्हर बघायला माणसं आहेत. आमच्याकडे मी, आणि गेटवर वॉचमनमामा.

आता एसीचं. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी सोमवारी, लाइनच्या दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी. लाइट गेली की यूपीएस सर्व्हरला धरून ठेवायचा, मग जनरेटर लागायचा. एसी मात्र एकदा पडला की रिमोट दाबल्याशिवाय उठायचा नाही. बंद खोलीत सर्व्हर तापायचा आणि शेवटी आपणहून बंद व्हायचा. मंगळवारी सकाळी गाडी भरून उभी, आणि चलन निघेना. मी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, स्टॅबिलायझर बदलला. शेवटी दुखणं कळल्यावर रिमोट सुतळीने खिळ्याला टांगला आणि मामांना बटण दाखवून ठेवलं. पुढच्याच सोमवारी फोन, "सायेब, दाबतोय की बटण, पर काय व्हईना." रिमोटचे सेल कुणीतरी कँटीनच्या घड्याळात घातले होते.

लाइट आल्यावर आपोआप सुरू होणारे एसी मिळतात, ठाऊक आहे. पण तोवर माझं मन उडालं होतं. त्याआधी २०१९ च्या महापुरात महामार्ग पाण्याखाली, सर्व्हर कोरडा ठणठणीत, आणि मी घरी अडकलेला. बॅकअपची डिस्क सर्व्हरशेजारच्याच कपाटात. ऑगस्ट २०२२ पासून तर कंपन्यांना हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. क्लाउडवर ते वेळ लावून दिली की होतं, पूर्वी मी डिस्क खिशात घालून फिरायचो.

तुमच्याकडे रात्री उठून जाणारा पगारी माणूस असेल, तर स्वतःचा सर्व्हर जरूर ठेवा, वाईट काहीच नाही. नसेल तर मी तरी क्लाउडच म्हणेन, मात्र नेट दोन वेगळ्या कंपन्यांचं घ्या, कारण रस्ता खणला की फायबर तुटलीच. वजनकाट्याचा पीसी याच भीतीने मी अजून गेटवर ठेवलाय. त्याला पंखा पुरतो.