तंबाखूचा तरवा: गादीवाफा की ट्रे?

निपाणीकडच्या मावसभावाचा काल फोन आला, "दादा, पाऊस उघडायचं नाव घेत नाही. तरवा परसात वाफ्यावर टाकू की ट्रेमध्ये?"

तरवा म्हणजे लावणीसाठी आधी तयार करायची रोपं. तंबाखूचं बी खसखशीहून बारीक, ग्रॅमला 10,000 च्या आसपास. राखेत किंवा वाळूत मिसळूनच ते फेकायचं.

पावसात खरी भीती मर रोगाची. संततधार लागली की रोपाचा देठ जमिनीलगत तपकिरी, मऊ पडतो आणि दोन दिवसांत वाफ्याला टक्कल पडतं. 15 सेंटिमीटर उंच गादी, दोन्ही बाजूंना चर आणि विरळ पेरणी सांभाळली तर वाफा निभावतो. बी दाट पडलं की मात्र हातचं जातं. ट्रेत प्रत्येक रोप आपापल्या खणात सुटं राहतं, आडोशाला उचलून नेता येतं.

खर्चात वाफा स्वस्त. ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) विकत आणायचं, शिवाय वाफ्यावर उगवलेलं एकेक रोप खणात हलवायचं. पण लावणीला ट्रेचं रोप मुळांच्या गड्ड्यासकट निघतं, ऊन पडलं तरी सहसा मान टाकत नाही.

रान मोठं, घरात माणसं भरपूर, तर वाफाच. थोड्या रानाला ट्रे. भावाला मी ट्रे सांगितले. गेल्या साली त्याचा तरवा दोनदा गेला.