झाड ओळखायचं ॲप: फूल दाखवा, मगच विचारा

पाचपैकी तीन स्टार, आणि तेही फुलाचा फोटो बरोबर ओळखला म्हणून. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरामागे परसात विहिरीजवळ एक झाड आहे, सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी एका नर्सरीतनं सावर म्हणून आणलेलं. आता चांगलं उंच झालंय आणि बुंध्यावर असले जाड काटे की कपड्यांची दोरीपण बांधता येत नाही, पण बुंधा हिरवट आणि खाली बाटलीसारखा फुगलेला, त्यामुळे मला पहिल्यापासून डाऊट होता.

भर पावसात ॲप घेतलं. बुंध्याचा फोटो टाकला, काटेसावर. जरा जवळून काढला तर पांगारा, तिसऱ्यांदा चक्क तिरफळ! अहो बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालण्यात आयुष्य गेलं, ते झाड आम्हाला कळणार नाही होय? आणि पांगाऱ्याला एका देठाला तीनच पानं, ह्याला हाताच्या पंज्यासारखी पाच-सहा, हे शेंबडं पोरही सांगेल.

शेजारच्या काकी म्हणायच्या, "गो, ही सावर नाय. सावर शिमग्याच्या आधी फुलता, तेव्हा झाडार पान नसता."

ऑक्टोबरात फुललं ते गुलाबी! पाच पाकळ्या, आत पिवळट पांढरं आणि त्यावर तांबूस रेघा. फोटो टाकल्याबरोबर ॲप म्हणालं सेइबा स्पेसिओसा, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, म्हणजे सावरीचं लांबचं भावंडच म्हणा. ह्यावेळी मी आंधळा विश्वास ठेवला नाही, रस्त्याकडेच्या सावरीचं पान तोडून आणलं आणि दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवली. सावरीच्या पानाची कड गुळगुळीत, ह्याची बारीक करवतीसारखी. फुलातही फरक, सावरीच्या लाल फुलात केसरांचा मोठा झुबका असतो, ह्याच्यात मधोमध एकच दांडा. पटलं.

तर नुसत्या काट्यांवरनं विचारू नका, पान आणि फूल वेगवेगळे, जवळून काढा. परसात रेंज नसेल तर फोटो काढून ठेवा आणि घरात येऊन टाका.

दोन स्टार कापले ते पैशांसाठी. सात दिवस फुकट म्हणाले, आठव्या दिवशी अख्ख्या वर्षाचे कापले, आणि कॅन्सल करायचं बटण कुठे लपवलंय ते माझ्या भाच्यालापण सापडेना, शेवटी फोनच्या सेटिंगमधनं बंद केलं. रिफंडसाठी दोन मेल टाकलेत, अजून रिप्लाय नाही.