जालना रोडच्या दुकानातला अलास्काचा वाईल्ड सालमन: घ्या, पण पाकीट वाचून घ्या

संभाजीनगरात सालमन आता बऱ्याच ठिकाणी मिळतो पण जो मिळतो तो जवळपास सगळा नॉर्वेचा, पाळलेला. त्याला वाईल्ड म्हणून खपवणारेही आहेत, एका दुकानात काउंटरवरच्या पोरानं छातीठोकपणे वाईल्ड सांगितलं अन् पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात साल्मो सालार, नॉर्वे असं छापलेलं. हा अटलांटिक सालमन, बाजारात येतो तो जवळजवळ सगळा समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला असतो. खायला वाईट नाही, चरबी भरपूर, मऊ लागतो, पण वाईल्डच्या भावानं का म्हणून घ्यायचा?

म्हणून जालना रोडच्या ह्या छोट्या फ्रोझन दुकानाबद्दल मुद्दाम लिहितोय. इथं सॉकाय सालमनचं, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या लाल मांसाच्या सालमनचं, पाकीट मिळालं, त्यावर जात लिहिलेली, ब्रिस्टल बे अलास्का (अमेरिकेतल्या अलास्काचा उपसागर) लिहिलेलं, पकडल्याचं वर्षसुद्धा. मालकांना विचारलं की भाऊ हे वाईल्डच कशावरून, तर चिडले नाहीत, पाकीट पालथं करून दाखवलं. अलास्कात सालमन पाळायला 1990 पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे तिथला सॉकाय म्हटलं की तो नदीतून समुद्रात गेलेला अन् परत आलेलाच.

आपल्याकडं पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे वर निघतात ना, तसंच हे, फक्त लई मोठ्या पल्ल्याचं. सॉकायची मादी नदीच्या नाहीतर तळ्याच्या तळाशी शेपटीनं खडी उकरून खड्डा करते, त्यात हजारोंनी अंडी घालते अन् वरून परत खडी लोटते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पोटाला बलकाची पिशवी असते, ती संपेपर्यंत खडीतच राहतात. मग बहुतेक पिल्लं वर्ष-दोन वर्षं तळ्यात काढतात, अंग चंदेरी होतं, खाऱ्या पाण्यात जगायची शरीराची तयारी होते अन् समुद्राकडं निघतात. तिथं साधारण दोन-तीन वर्षं खाऊन मोठे झाले की आपल्याच नदीत परत, अन् शेवटच्या टप्प्यात वाट शोधतात ती त्या पाण्याच्या वासावरून. नदीत शिरल्यावर खाणं बंद. अंगातली चरबी जाळत वर चढतात, अंग लाल, डोकं हिरवं, नराचा जबडा वाकडा होतो, अंडी घातली की काही दिवसांत सगळे मरतात. ती मेलेली शरीरं अस्वलं खातात, उरलेलं पाण्यातच कुजतं, अन् त्याच खतावर पुढच्या पिल्लांचं खाणं तयार होतं.

हे सगळं रिव्ह्यूमध्ये कशाला तर चवीचा संबंध थेट ह्याच्याशी आहे. ब्रिस्टल बेचे बोटवाले मासा नदीच्या तोंडाशीच धरतात, तो अजून चंदेरी असतो, चरबी शिल्लक असते. वर चढत गेला की मांसातला लाल रंग कातडीत अन् अंड्यांत जातो अन् मांस फिकट पडतं. ह्या पाकिटातला तुकडा एकदम गडद लाल निघाला, चरबीच्या पांढऱ्या रेघा अगदी बारीक. हा रंग समुद्रातल्या झिंग्यासारख्या बारक्या जिवांतून येतो, पाळलेल्याला तेच रंगद्रव्य खाद्यातून द्यावं लागतं.

आता खरी गोष्ट. मी पैठणकडचा, घरात नाथसागराच्या मासेमारीचाच धंदा, त्यामुळे ब्रिस्टल बेचा कारभार वाचून मला भारीच वाटलं. नदीकाठी मनोरे बांधलेत, त्यावर माणसं उभी राहून तासातली दहा मिनिटं वर जाणारे मासे मोजतात, त्यावरून पूर्ण तासाचा हिशोब काढतात. पुरेसे मासे वर गेलेत असं दिसलं तरच जाळी टाकायला तास वाढवून मिळतात, नाहीतर बोटी उभ्या. बोट 32 फुटांपेक्षा लांब चालत नाही. 2022 ला तिथं जवळपास 7.9 कोटी सॉकाय परत आले अन् त्यातले 6 कोटी धरले तरी वर जायचे ते गेले. आमच्याकडं बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यात बोटाएवढं रोहू-कटल्याचं बियाणं निघतं, पावसाळ्यात अंड्यांनी भरलेल्या माद्या निघतात, अन् मग उन्हाळ्यात मासा नाही म्हणून सगळेच हात चोळत बसतात. इथंही कुणीतरी असं मोजायला बसावं असं मनापासून वाटतं.

करायची पद्धत सांगतो कारण महाग वस्तू आहे. वितळायला रात्री फ्रिजमध्ये खाली ठेवा पण व्हॅक्यूम पाकीट फाडून, बंद पाकिटात हवा नसते अन् त्यात घातक जंतू वाढू शकतात. मधल्या रेषेत बोटं फिरवली की काटे लागतात, चिमट्यानं तिरके ओढून काढा, दुकानानं साफ केलेला म्हटलं होतं तरी चार-पाच निघालेच. मीठ, हळद, लिंबू, बस. तवा चांगला तापवून कातडीची बाजू खाली, तीन-चार मिनिटं, मग उलटून जेमतेम एक मिनिट. सॉकायमध्ये चरबी कमी, जास्त ठेवला की कोरडा पडतो, कडेनं पांढरं निघायला लागलं की उतरवाच. येसराच्या रश्श्यात टाकू नका, चव पार दबते, रश्श्याला आपली मरळच बरी. ज्वारीची भाकरी अन् कांद्यासोबत मात्र झकास लागला, आईनं कातडीसकट खाल्ला.

किंमत जास्तच आहे, पाव किलोच्या आसपासच्या पाकिटाला हजाराच्या वर गेले, रोजचं खाणं नाही हे. होम डिलिव्हरी घेऊ नका, बर्फाचं पाकीट अर्धं वितळून आलेलं, मासा कडेनं मऊ पडला होता, थर्माकोलचा डबा घेऊन स्वतः जा. दुकान स्वच्छ, फ्रीजरचा काटा उणे 18 च्या खाली होता, वास अजिबात नाही. मालक भाऊ, तुम्ही वाचत असाल तर एवढं करा, नॉर्वेचा अन् अलास्काचा एकाच कप्प्यात ठेवू नका, वर वेगवेगळ्या पाट्या लावा, गिऱ्हाईक घाईत चुकीचं पाकीट उचलतं.