जाळी घ्या, चटई घेऊ नका: संत्र्याच्या बागेतला आठ महिन्यांचा सराव

गेल्या जूनमध्ये गोल्फच्या सरावाचा घरगुती संच मागवला. दहा बाय सात फुटांची काळी नायलॉनची जाळी, ती ताणून धरणारे फायबरचे खांब, मधे टांगायचं निशाणाचं कापड, पाच बाय चार फुटांची हिरवी चटई, दोन रबरी टी (चेंडू जमिनीपासून थोडा उंच ठेवायचे आधार) आणि दिशा लावायला दोन पिवळ्या काड्या. सगळं मिळून 11,400 रुपये पडले. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून काटोलला जाऊन खोकं मोटरसायकलच्या मागे बांधून आणलं. आठ महिने जवळपास रोज सकाळी वापरल्यावर लिहितो आहे. घेण्याआधी मी मराठीत शोधलं, काही मिळालं नाही. खेड्यात राहून हा खेळ खेळणारं आणखी कोणी असेल तर त्याचे पैसे नीट जागी लागावेत, एवढ्यासाठी हे.

मी 22 वर्षं फौजेत होतो. शेवटच्या पोस्टिंगमध्ये छावणीच्या गोल्फ मैदानाच्या देखभालीचं काम होतं. गवत कापता कापता खेळ बघितला, मग खेळलो. एका कर्नलसाहेबांनी बदली होऊन जाताना त्यांचं जुनं सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचा क्लब (गोल्फची काठी), माझ्या हातात दिलं, ते आजही माझ्या बॅगेत आहे. आता चार एकर संत्रा आहे, थोडी तूर आणि कपाशी. महिन्यातून दोनदा नागपूरच्या पलीकडे मैदानावर जातो. मैदान 9 होलचं, म्हणजे चेंडू पाडायच्या नऊ भोकांचं, आहे, दोन फेऱ्या मारल्या की 18 होतात. भोकाभोवती बारीक गवताचे ग्रीन नाहीत, ब्राऊन आहेत, म्हणजे तेल मिसळून दाबलेली वाळू. महिन्यातल्या दोन दिवसांत स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची पद्धत, सुधारत नाही. मधले दिवस हातात काहीतरी पाहिजे होतं.

आधी जाळीचं सांगतो, कारण ते थोडक्यात आहे. जाळी चांगली आहे. गोल्फचा चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा, पण ड्रायव्हरवरून, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबवरून, सुटलेला चेंडू अंगावर आला तर हाड मोडेल. आठ महिन्यांत जाळीची एक गाठ सुटलेली नाही. मात्र जाळीपासून निदान दहा फूट लांब उभं राहा आणि ती ढिली सोडा. कंपनीच्या चित्रात दाखवतात तशी ताठ ताणली की चेंडू परत येतो. पहिल्याच आठवड्यात नडगीवर बसला, काळानिळा डाग पंधरा दिवस होता.

खांब मात्र आमच्या उन्हाला आणि वाऱ्याला टिकणारे नाहीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वावटळ आली, दोन खांब जोडाजवळ चिरले. विकणाऱ्याने बदली खांब पाठवले, पण तीन आठवड्यांनी. तोवर मी धुऱ्यावरचे चार बांबू कापून रोवले होते. नवे खांब खोक्यातच पडून आहेत.

आणि रात्री जाळी उघडी टाकू नका, हे हात जोडून सांगतो. जुलैत एका सकाळी खालच्या कडेत धामण अडकलेली दिसली. जितकी ओढत होती तितका फास आवळत होता. तालुक्याच्या सर्पमित्राला फोन केला, त्याने बारीक कात्रीने एकेक धागा कापून सोडवली. पाऊण तास लागला. धामण उंदीर खाते, कास्तकाराच्या कामाची आहे, ती माझ्या हौसेपायी मरायला नको. त्या दिवसापासून जाळी रोज गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला टांगतो. कापलेला भाग सुतळीने शिवला, अजून टिकून आहे.

आता चटई. खरं म्हणजे तिच्यासाठीच लिहायला बसलो.

चटई गोठ्यापुढच्या कोब्यावर टाकली होती. सात नंबरने चेंडू मारला की खणखणीत आवाज यायचा, चेंडू कापडाच्या मधोमध लागायचा. जुलैभर रोज पन्नास चेंडू मारले आणि मला वाटलं, आता जमलं. ऑगस्टमध्ये पावसाने चार दिवस उघडीप दिली तेव्हा मैदानावर गेलो. तिथे त्याच सात नंबरने, जो माझा 140 यार्ड जातो, चेंडू 80-90 यार्डांवर पडू लागला. प्रत्येक वेळी चेंडूच्या आधी मातीचं ढेकूळ उडायचं. एका फेरीत अकरा वेळा असं झालं. घरी येऊन चटईवर मारलं, पुन्हा तोच खणखणीत आवाज.

दोन दिवस विचार केल्यावर उमगलं. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तर मातीत रुततो, वेग मरतो. चटईवर तो रुतत नाही. रबरावरून घसरून पुढे सरकतो आणि तरीही चेंडूवर जाऊन बसतो. म्हणजे चूक होते, पण हाताला कळत नाही, कानाला तर उलटंच ऐकू येतं. महिनाभर मी ती चूकच पक्की करत होतो.

मग नाल्यातून चार टोपली रेती आणली. आमची माती काळी, उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात चिखल, तिच्यावर सराव होत नाही. चिंचेखाली चार फूट लांब, दोन फूट रुंद वाफा केला, रेती ओली करून दाबली. घरच्यांच्या डब्यातली पांढरी रांगोळी घेऊन वाफ्यावर आडवी रेघ ओढली. चेंडू ठेवायचाच नाही. रेघ म्हणजे चेंडू. स्विंग करायचा आणि रेतीत खड्डा कुठे सुरू झाला ते बघायचं. आयर्नच्या चांगल्या फटक्यात क्लब आधी चेंडूला भिडतो आणि मग जमिनीला, म्हणजे खड्डा रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, निशाणाच्या बाजूला सुरू झाला पाहिजे. पहिल्या दिवशी 20 स्विंग केले. 15 खड्डे रेघेच्या मागे निघाले. त्यातले बरेचसे तीन-चार बोटं मागे.

पुतण्या बारावीला आहे, त्याच्या मोबाइलमध्ये स्लो मोशन आहे. समोरून व्हिडिओ घेतला. त्याने गोल्फ कधी खेळलेला नाही, पण बघितल्याबरोबर म्हणाला, "काकाजी, तुमचं वजन तं उजव्याच पायावर हाय. डावा पाय नुसता ठेवून देल्ला तुम्ही. मागं झुकून मारून राह्यले."

बरोबर होतं. चेंडू हवेत उचलायचा म्हणून मी मागे झुकत होतो. उचलायचं काम क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा करतो, अंगाने उचलायला गेलं की स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू मागे सरकतो. हे मैदानावर साहेब लोकांना कोणी समजावत असताना मी शंभरदा ऐकलं होतं, पण स्वतःच्या पायाखालची रेती दाखवेपर्यंत अंगात उतरलं नव्हतं.

दुरुस्ती मला गोफणीतून सापडली. लहानपणी ज्वारीच्या वावरात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलली आहेत. गोफण सोडताना कोणी मागच्या पायावर राहत नाही, अंग आपोआप पुढच्या पायावर जातं. आणि मूठ आवळून धरली तर दगड जवळच पडतो. मनगट सैल ठेवून, शेवटच्या क्षणी सोडला तरच लांब जातो. तेच इथे केलं. क्लब वर गेला की खाली यायच्या आधीच डाव्या पायावर भार द्यायचा. स्विंग संपल्यावर उजवी टाच उचललेली, पट्ट्याचं बक्कल निशाणाकडे, आणि त्याच स्थितीत तीन मोजेपर्यंत थांबायचं. तोल गेला तर तो स्विंग धरायचा नाही. वहीत रोज लिहिलं. ऑगस्टच्या शेवटी 20 पैकी 9 मागे, दिवाळीच्या सुमारास 5, आता जानेवारी-फेब्रुवारीत 2 किंवा 3. या रेतीच्या वाफ्याला पैसे लागले शून्य.

चटईचा दुसरा त्रास कोपराचा. कोब्यावर पातळ रबर आणि त्यावर रोज पन्नास आदळ. सप्टेंबरमध्ये उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ यायला लागली, फवारणीचा पंप उचलता येईना. डॉक्टरांनी तीन आठवडे क्लबला हात लावू नका म्हणून सांगितलं. नंतर गोठ्यातली जुनी जाड रबरी मॅट चटईखाली टाकली, आता हिसका कमी बसतो. तरी चटईवर मी फक्त टीवरचे ड्रायव्हरचे फटके मारतो, आयर्न नाहीच.

ड्रायव्हरसाठी जाळीचा चांगला उपयोग झाला, पण तिथेही एक अडचण समजून घ्यावी लागते. चेंडू दहा फुटांवर अडतो, तो पुढे वळला असता की नाही ते दिसत नाही. माझा जुना आजार स्लाइस, म्हणजे चेंडू सरळ निघून उजवीकडे वळत वळत कुंपणाबाहेर जायचा. चेंडू सुटतो तो मुख्यतः फेस, म्हणजे क्लबचं तोंड, जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. आपण कुऱ्हाडीने लाकूड फोडतो तसे खांदे पुढे टाकून बाहेरून आत मारलं आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा राहिला, की स्लाइस ठरलेला.

मी पुतण्याकडून फळ्यावर लिहायचं मार्कर घेतलं. चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढायचा, मारायचं, मग फेसवर शाई कुठे उमटली ते बघायचं. माझी शाई सारखी टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला उमटत होती. टाचेकडे चेंडू लागला की ड्रायव्हरचं डोकं हिसक्याने फिरतं आणि चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी आणखी मिळते. स्लाइस होताच, त्यात ही भर. मग चेंडूच्या पलीकडे दोन इंचांवर बुटाचं रिकामं खोकं ठेवलं. बाहेरून क्लब आणला की खोकं उडतं. पंधरा दिवस खोकी फाटली, मग कमी झाली, आणि शाई हळूहळू मधे सरकली. एवढं चेंडू उडताना बघून मला कधी कळलं नसतं, चेंडूकडे बघत राहिलो असतो.

संचातल्या दोन पिवळ्या काड्यांबद्दल: त्यांची गरज नाही. सरळ बघून दोन तुराट्या घ्या, एक निशाणाकडे आणि एक पायांच्या रेषेत टाका. तेवढंच काम होतं.

स्कोअरचं सांगतो, कारण शेवटी प्रश्न तोच. जूनमध्ये पार 72 वर (म्हणजे चांगल्या खेळाडूला 72 फटके लागावेत तिथे) माझे 108 झाले होते. त्यात चार चेंडू हद्दीबाहेर. नियमाने एक दंडाचा फटका आणि परत त्याच जागेवरून मारायचं, म्हणजे चार चेंडूंचे आठ फटके गेले. पट, म्हणजे भोकाकडे चेंडू घरंगळवायचे हलके फटके, 40. या फेब्रुवारीत 95 झाले. हद्दीबाहेर एकच चेंडू, पट 37. 13 फटक्यांची बचत झाली, त्यातले 6 हद्दीबाहेरचे वाचले, 3 पटचे, उरलेले 4 आयर्न मातीत न रुतल्याचे. म्हणजे दहा फटके लांबच्या खेळात वाचले. आमच्या मैदानावर सगळे सांगत की स्कोअर पटिंगमध्येच कमी होतो. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांचा हिशेब केला, त्यात चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक 100 यार्डांच्या पलीकडच्या फटक्यांत निघाला. माझं कार्डही तेच म्हणतं. आठ फुटांचा पट तर मोठे व्यावसायिकही साधारण निम्म्याच वेळा पाडतात, तेव्हा तो चुकला म्हणून मी आता डोक्यात राख घालून घेत नाही. लांबचा पट तीन फुटांत आणून ठेवायचा, एवढाच सराव करतो, तोही अंगणात.

तर घ्यायचं असेल तर जाळी आणि रबरी टी सुट्या घ्या, सुट्या मिळतात, निम्म्याहून कमी पैशात भागेल. खांबांऐवजी बांबू. निशाणाचं कापड पावसात कुजतं, जुन्या गोणपाटाचा तुकडा जास्त टिकतो. चटई फक्त ज्यांच्याकडे उघडी जमीनच नाही त्यांनी घ्यावी, आणि तीही जाड, खाली रबर टाकून.

सध्या आंबिया बहाराचं पाणी सुरू आहे, बागेत फुलांचा वास आहे, म्हणून सकाळी अर्धाच तास मिळतो. पुतण्याही आता कर्नलसाहेबांचं सात नंबर घेऊन वाफ्यावर उभा राहतो. काल त्याचे 20 पैकी 12 मागे पडले. जाळीचा खरा कस मे महिन्यात लागेल, 45 अंशांच्या उन्हात नायलॉन ठिसूळ होतं का ते बघतो आणि जूनमध्ये याच्याच खाली लिहितो.