आजीचं कुंकूच पुसून दिलं राव! (जुने फोटो रिस्टोअर करणारी दोन दुकानं, माझा अनुभव)

जुना फोटो नीट करून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, माझे ३५० रुपये गेले आणि आत्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

फोटो आजीचा, १९४३ चा, तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत काढलेला. मागे खांब आणि बाग रंगवलेला पडदा, आजी नऊवारीत खुर्चीवर ताठ बसलीये, एक हात टेबलावर, नाकात नथ, कपाळावर हे एवढं मेणावर लावलेलं कुंकू. आजोबा तेव्हा हयात, फोटो त्यांनीच हौसेने काढून घेतलेला. ८० वर्षांत फोटोचं जे व्हायचं ते सगळं झालेलं, बुरशी, पाण्याचा डाग, खालचा डावा कोपरा वाळवीने खाल्लेला, आणि वरचा भाग फ्रेमच्या काचेला चिकटलेला.

पहिलं दुकान (नाव नाही सांगत) झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, मगवर प्रिंट असं सगळं करणारं. पोराने फोनने फोटोचा फोटो काढला, कुठल्याशा अॅपवर टाकला, दहा मिनिटांत कलरमध्ये तयार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पण वाह म्हणाले, खोटं कशाला बोलू. घरी आत्याच्या हातात दिला तर ती बराच वेळ बघतच बसली आणि मग म्हणाली, "अगं, दादा (म्हणजे माझे आजोबा) असताना आईचं कुंकू पुसलंत होय गं?"

खरंच नव्हतं. कपाळ कोरं करकरीत. अॅपला तो काळा ठिपका डाग वाटला असणार, टाकला पुसून. मग नीट बघायला लागले तर नथ अर्धीच, उरलेली ओठांच्या सावलीत विरघळलेली, आजीचा डावा डोळा किंचित तिरळा होता तो सरळ, आणि रंग म्हणाल तर आजी एकदम दुधासारखी गोरी. लुगडं नेव्ही ब्लू! आत्या म्हणते ते डाळिंबी होतं, तिने ते नंतर गोधडीत शिवलेलं बघितलंय.

परत दुकानात गेले तर पोरगा म्हणे ताई गोरं सगळ्यांनाच आवडतं, कोणी कंप्लेंट करत नाही. कहर म्हणजे दोन दिवसांनी त्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला माझी आजी, बिफोर-आफ्टर, खाली दुकानाचा नंबर. विचारलं पण नाही हो. फोन केल्यावर काढलं, पण तोवर कोणी कोणी बघितलं देव जाणे. एक स्टार पण जास्त आहे.

दुसरं दुकान म्हणजे दुकान नाहीच, एका म्हाताऱ्या काकांचा जुना स्टुडिओ, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संध्याकाळी ५.३० ते ८ एवढंच उघडं. मी काचेवरून फोटो सोडवायला गेले तर जवळजवळ ओरडलेच, "ताई, हात लावू नका! काचेला चिकटलाय तो ओढला की चेहऱ्याचं पापुद्रं काचेवर राहतं." त्यांनी काचेसकटच कॉपी केला, खाली फोटो, वर स्टँडवर कॅमेरा, दोन बाजूंनी तिरके दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारे फिल्टर. जुन्या फोटोच्या काळ्या भागात कडेला निळसर चंदेरी चमक येते ना, ती चांदीच असते म्हणे, वर आलेली. स्कॅनरवर ती ढगासारखी उमटते, पोलरायझर लावले की जाते.

कुंकवाचं कोडं पण त्यांनीच सोडवलं. तेव्हाच्या बऱ्याच प्लेटा आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, निळा-हिरवा दिसतो, लाल दिसतच नाही, म्हणून तर लाल दिव्यात डोळ्यांनी बघत डेव्हलप करता यायचं. पण त्यामुळे लाल कुंकू काळं, डाळिंबी लुगडं काळं, आणि आपला सावळा रंग होता त्याहून गडद. मग रिटचर शिसपेन्सिल घेऊन निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके द्यायचा, निगेटिव्हमध्ये जिथे गडद तिथे प्रिंटमध्ये उजळ. मी म्हटलं म्हणजे आजी फोटोतल्यापेक्षा उजळ असणार, मग थोडं उजळवा की! तर म्हणाले असेल, पण किती ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही, राहू दे. मला पटलं, जरा वाईटही वाटलं.

त्यांचा हिशोब सरळ, कॅमेऱ्याचं बटण दाबल्यानंतर जे बिघडलं ते काढायचं, दाबताना जे होतं ते ठेवायचं. बुरशी जाणार, तिरळा डोळा राहणार. मोठमोठ्यांना पण हा मोह सुटला नाही म्हणा, अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगच्या १९३६ च्या त्या प्रसिद्ध 'मायग्रंट मदर' फोटोत कोपऱ्यात एक अंगठा येत होता तो नंतर निगेटिव्हवरच रिटच करून पुसट केला, तिच्या वरिष्ठांना ते अजिबात आवडलं नव्हतं.

रंग भरून द्यायला काका तयार होते, पण पूर्वीसारखे हाताने, वॉटरकलरने, प्रिंटवर. ते रंग वरून लावलेत हे कोणालाही कळतं, कॉम्प्युटरचा रंग तसाच होता असं भासवतो. मी ब्लॅक अँड व्हाइटच ठेवला.

तक्रारी आहेतच. तीन आठवडे सांगून पाच लावले, फोन उचलत नाहीत, फक्त कॅश. २२०० रुपये झाले, त्यात मॅट पेपरवर दोन प्रिंट आणि पेनड्राइव्हमध्ये दोन फाइल, एक काम केलेली आणि एक हात न लावलेली. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहून दिलंय, "खालचा डावा कोपरा नवीन केला आहे." वाळवीने खाल्लेला पडदा आणि टेबलक्लॉथचा तुकडा त्यांनी शेजारचा बघून भरलाय, मला तर शोधूनही सापडला नाही. साडेचार स्टार, अर्धा त्या जिन्यासाठी कापला.

आता आजोबांचा कोट-टायवाला द्यायचाय. कोट स्टुडिओतलाच, खुंटीला सगळ्यांसाठी टांगलेला असायचा, हे आत्याने आधीच फोडलंय. खांद्यात ढगळ आहे आणि टायची गाठ वाकडी. काकांना सांगणारे, तेवढी वाकडीच राहू द्या.