मंकी आयलंड : १९९१चा की २०२२चा?
परवा रंकाळ्यावर दादाशी यावरून जुंपली. त्याच्या मते १९९१चा 'मंकी आयलंड २' हाच संगणकावरचा कोडी सोडवायचा खरा खेळ. २०२२चा 'रिटर्न टू मंकी आयलंड' म्हणजे कट नसलेली मिसळ.

जुन्याची पिक्सेल चित्रं आजही देखणी, मान्य. पण धबधब्याचा पंप बंद करायला गुंगवलेलं माकड पाना म्हणून वापरायचं, हे सुचणार कुणाला? इंग्रजीत 'मंकी रेंच' नावाचा पाना असतो, त्यावरची ती कोटी. आमच्या उद्यमनगरात पाना म्हणजे पाना, माकडाचा काय संबंध? आम्ही दोघं तिथंच दोन आठवडे अडकलेलो. दादा हे सोयीनं विसरतो.

नव्यात रॉन गिल्बर्ट आणि डेव्ह ग्रॉसमन या जुन्याच्याच कर्त्यांनी अडलेलं कोडं सोडवायला खेळातच सूचनांची वही दिली. ती आणि खुसखुशीत संवाद समीक्षकांनी उचलून धरले. चाहते मात्र ट्रेलरमधल्या चित्रशैलीवर असे तुटून पडले, की शिवीगाळीला वैतागून गिल्बर्टनं आपल्या ब्लॉगवर अभिप्राय घेणंच बंद केलं. मला ती चित्रं अर्धा तास खटकली, मग नाही.

शेवटावरून दोन्हींबद्दल भांडणं आहेतच. नवा जुन्याच्या शेवटापासूनच सुरू होतो, म्हणून पुतण्याला सांगितलंय: जुना आधी खेळ, माकडापाशी अडकलास की हाक मार.