सांवेर रोडचे झिंक प्लेटिंगवाले: काम चोख, वेळ थोडा जास्त

आमचं क्लॅम्प-ब्रॅकेटचं वर्कशॉप आहे. इंदूरमध्ये लोखंडी मालावर झिंकचा (जस्ताचा) थर चढवून देणारे पुष्कळ, पण बहुतेक ठिकाणी माल गेटवर टाकायचा आणि तारीख विचारून निघायचं. इथे लाइनीपाशी उभं राहून सगळं बघू देतात.

माल टांगलेला रॅक झिंकच्या टाकीतून वर आला की कारागीर तो लगेच धुवायला नेत नाही. टाकीवरच्याच दांडीला टांगतो, हलका झटका देतो आणि धार तुटून थेंब थांबेपर्यंत निथळू देतो. दोन टाक्यांमध्ये उतरता पत्रा बसवलाय, त्यावर सांडलेलं रसायनही परत टाकीत जातं. धुण्याच्या टाक्या ओळीने आहेत; ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडतात आणि ते मालाच्या उलट दिशेने मागे येतं. त्यामुळे पाणी कमी लागतं, ईटीपीत (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) गाळही कमी निघतो. हा गाळ घातक कचरा. 2016 च्या नियमांप्रमाणे तो सहसा 90 दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही, आणि विल्हेवाटीसाठी पिथमपूरला पाठवायचा खर्च फिरून आपल्याच बिलात येतो.

आमचा एक पार्ट वाटीसारखा आहे. तो बघून मालक म्हणाले, "दादा, तळाला 4 मिमीचं भोक पाडून आणा. नाहीतर प्रत्येक नग माझी टाकी उपसून नेतो." आम्ही ड्रॉइंग बदललं. वाटीत पाणी साचून पडणारे डागही गेले.

पिवळं पॅसिव्हेशन (झिंक गंजू नये म्हणून वरून देतात तो रासायनिक थर) ट्रायव्हॅलंट क्रोमियमचंच करतात. क्रोमियमचा दुसरा प्रकार, हेक्साव्हॅलंट, त्याने कॅन्सर होऊ शकतो. दिवसभर त्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी हे फार मोठं आहे. पिवळा थोडा फिका येतो, गडद सोनेरीची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला आधी नमुना दाखवा.

मला याची एवढी आच का, तर आपल्या भागातलं पाणी कान्ह नदीला मिळतं, ती पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला. 2028 ला तिथे सिंहस्थ आहे. ईटीपी लागतोच, पण रसायन टाकीबाहेर न जाऊ देणं त्याच्याही आधीचं काम, आणि ते इथे रोज होतं.

दर इतरांपेक्षा किंचित जास्त. निथळायला वेळ देतात म्हणून डिलिव्हरीही सावकाश. घाईचा माल असेल तर आधी फोन करून तारीख पक्की करा. बॅरलमध्ये (फिरत्या पिंपात) एकत्र टाकून झिंक केलेल्या बारीक स्क्रूंवर कधीकधी थर कमी-जास्त येतो, ते मोजून घ्या.